पडलेल्या विमानाभोवतीची रांग

बँकेच्या नोकरीत असताना काही वर्षे माझ्या वाट्याला एक वेगळे काम येत असे. आमच्या शाखेत गावच्या देवस्थानचे खाते होते. वर्षातून दोनदा देवस्थानची दानपेटी उघडली जाई आणि शाखेतली आम्ही चार-पाच माणसे सतरंजीवर मांडी घालून चिल्लर मोजायला बसत असू. हळदीकुंकवाने माखलेली नाणी, चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, मधूनच एखादे चांदीचे जोडवे. संध्याकाळपर्यंत बोटे लाल होत. मग चलन भरायचे, सही घ्यायची, पिशव्यांना शिक्के मारायचे आणि सगळे जीपमध्ये घालून शाखेत आणायचे.

त्या देवस्थानच्या मुदत ठेवी किती आहेत, हे मला तोंडपाठ होते. पेटीत रुपया टाकणाऱ्या म्हातारीलाही ते साधारण ठाऊक असावे. देवाला पैशाची चणचण आहे म्हणून कोणी तो रुपया टाकत नव्हते. मग कशासाठी टाकत होते? हा प्रश्न हिशेबाच्या वहीत बसत नाही. निवृत्तीनंतर लॉर्ड बीव्हरब्रुकचे चरित्र वाचायला घेतले, तेव्हा ती सतरंजी मला पुन्हा आठवली. कारण या माणसाने एका संबंध देशासमोर अशीच एक दानपेटी ठेवली होती, आणि तिच्याशेजारी ठेवले होते शत्रूचे पडलेले विमान.

सन १९४०. सप्टेंबरची ३० तारीख. इंग्लंडच्या आकाशात जर्मन आणि ब्रिटिश विमानांची झुंज जुलैपासून चालू होती. त्या दिवशी एक जर्मन मेसर्श्मिट १०९ लढाऊ विमान विंडसरच्या विस्तीर्ण राजोद्यानात कोसळत उतरले. वैमानिक जिवंत हाती लागला. विमानही बरेचसे शाबूत होते. थोड्याच दिवसांत ते उचलून विंडसरच्या राजवाड्यासमोर मांडण्यात आले. बघायला येणाऱ्याने गावच्या स्पिटफायर फंडात नाणे टाकायचे, अशी ती व्यवस्था होती.

विंडसरचे हे विमान एकटे नव्हते. त्या शरद ऋतूत इंग्लंडमधल्या कितीतरी गावांच्या बागांत, नगरपालिकेच्या इमारतीपुढे, चौकाचौकांत अशी पडलेली मेसर्श्मिट विमाने येऊन बसली. कुठे तीन पेन्स, कुठे सहा पेन्स घेतले जात. काही ठिकाणी मुलांना आत बसूही देत. आजी-आजोबा, खाकी गणवेशातले तरुण, गॅस मास्कचा डबा खांद्याला अडकवलेली शाळकरी पोरे, सगळे रांगेने येत आणि एक फेरी मारून जात.

एक फेरी मारली की काय दिसे? पंखांचा पसारा जेमतेम दहा मीटर. वैमानिकाची बैठक इतकी अरुंद की धिप्पाड माणसाचे खांदे दोन्ही बाजूंना घासावेत. वरचे काचेचे झाकण कपाटाच्या दारासारखे एका कुशीवर उघडणारे. पत्र्याला गोळ्यांची भोके, भोकांच्या कडांना निघालेला रंग. आदल्या रात्री ज्याच्या नावाने जिन्याखाली दडून बसलो, ते हे एवढेसे! त्या सहा पेन्समध्ये लोक विकत घेत होते ते बहुधा हेच.

पाद्र्याचा मुलगा

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी जो माणूस होता, तो मूळचा इंग्लंडचा नव्हेच. विल्यम मॅक्सवेल एटकन हे त्याचे पाळण्यातले नाव. जन्म २५ मे १८७९, कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतातल्या मेपल या लहानशा गावी. वडील स्कॉटलंडहून आलेले प्रेस्बिटेरियन पाद्री. घरात दहा मुले. मॅक्स वर्षाचा असताना कुटुंब न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या न्यूकॅसल गावात गेले आणि तेच त्याचे गाव झाले. पाद्र्याच्या घरी पुस्तके होती, प्रतिष्ठा होती, पैसा बेताचाच होता. रविवारी प्रार्थनेनंतर बाकांवरून फिरणारी दानाची थाळी या मुलाने शेकडो वेळा पाहिली असणार. कोण किती टाकतो आणि टाकताना शेजाऱ्याकडे कसे बघतो, हे शिकायला त्याहून चांगली शाळा नाही.

दुसरी शाळा त्याला फारशी मानवली नाही. लहान वयातच तो वर्तमानपत्रे विकू लागला, तेराव्या वर्षी त्याने शाळेचेच एक छोटे पत्र काढले. वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केली, ती सोडली. विमा विकला. मग हॅलिफॅक्समधल्या बड्या व्यापाऱ्यांच्या आश्रयाने रोखे विकू लागला आणि इथे त्याला आपला सूर सापडला. कागदाच्या तुकड्यावर लोकांचा विश्वास बसवणे, हा रोखे विकणाऱ्याचा खरा धंदा. आम्ही बँकवाल्यांनी तो जवळून पाहिलेला असतो. १९०६ मध्ये त्याने ग्लॅडिस ड्ररी या सेनाधिकाऱ्याच्या मुलीशी लग्न केले. तिशी गाठेपर्यंत तो लक्षाधीश झाला होता. अनेक सिमेंट कंपन्या एकत्र करून त्याने कॅनडा सिमेंट ही प्रचंड कंपनी उभी केली, आणि त्या व्यवहारात स्वतःचे उखळ पांढरे करून घेतल्याचा आरोपही पदरात पाडून घेतला. तो आरोप पुढे आयुष्यभर त्याच्या मागे सावलीसारखा राहिला.

१९१० मध्ये तो इंग्लंडला आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अवघ्या दोनशेच्या आतल्या मताधिक्याने पार्लमेंटमध्ये निवडून गेला. पहिल्या महायुद्धात डेली एक्स्प्रेस हे अडचणीत आलेले पत्र त्याने ताब्यात घेतले. १९१७ च्या आरंभी उमराव झाला, तेव्हा गावाजवळच्या एका ओढ्याचे नाव त्याने पदवीसाठी निवडले. तोच हा बीव्हरब्रुक. १९१८ मध्ये तो ब्रिटनचा पहिला माहितीमंत्री झाला, म्हणजे सरकारी प्रचारखात्याचा प्रमुख. युद्ध संपल्यावर डेली एक्स्प्रेस त्याने वाढवत नेला. दुसरे महायुद्ध जवळ आले तेव्हा त्याचा खप वीस लाखांवर गेला होता.

या माणसाला साधुसंतांच्या मालिकेत बसवण्याचा माझा मुळीच इरादा नाही. तो कारस्थानी होता, लहरी होता, खुनशीपणाही त्याच्या अंगी भरपूर होता. साम्राज्याचा तो कडवा अभिमानी होता. हिटलरशी जुळवून घ्यावे, या मताचा त्याने पाठपुरावा केला. युद्ध होणार नाही, असे त्याचे पत्र १९३८ मध्ये आणि त्यानंतरही वाचकांना सांगत राहिले. युद्ध तर झालेच. आणि ज्याचे भाकीत असे सपशेल खोटे ठरले, त्यालाच चर्चिलने मे १९४० मध्ये विमाने बनवण्याच्या कामाला जुंपले.

भांडी आणि विमाने

चर्चिल १० मे १९४० रोजी पंतप्रधान झाला. चारच दिवसांनी विमान उत्पादनाचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि बीव्हरब्रुक त्याचा मंत्री झाला. वयाची एकसष्टी अकरा दिवसांवर आलेली. दम्याने तो हैराण असे. मंत्रालयाला जागा नव्हती म्हणून लंडनमधल्या आपल्या राहत्या घरातच त्याने कचेरी थाटली. पगार घेतला नाही. कारखानदारांना वेळीअवेळी फोन करायचे, फायली बाजूला सारायच्या, दुसऱ्या खात्याचे सामान सरळ पळवायचे, अशी त्याची रीत. हवाईदलाचे अधिकारी त्याच्या नावाने बोटे मोडत.

आकडे मात्र त्याच्या बाजूने बोलत होते. एप्रिल १९४० मध्ये ब्रिटनमध्ये २५६ लढाऊ विमाने तयार झाली होती. मे महिन्यात ३२५, जूनमध्ये ४४६, जुलैमध्ये ४९६. याचे सारे श्रेय त्याला देता येत नाही. कारखाने उभारणे, यंत्रे मागवणे, कामगार शिकवणे ही कामे त्याच्या आधी हवाई खात्यातल्या सर विल्फ्रिड फ्रीमनसारख्या माणसांनी वर्षानुवर्षे खपून केली होती. झाड त्यांनी लावले, फळे याच्या कारकिर्दीत धरली. परंतु बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच या अवाढव्य कारखान्यातून तोवर एकही स्पिटफायर बाहेर पडले नव्हते, ते व्यवस्थापन बदलून सुरू करवले त्याने. मोडकी विमाने दुरुस्त करून पुन्हा उडवण्यावर सारा भर दिला, तोही त्यानेच. त्या उन्हाळ्यात लढाऊ तुकड्यांना मिळालेल्या विमानांपैकी सुमारे एक तृतीयांश ही अशी दुरुस्त होऊन आलेली होती. लढाऊ दलाचा प्रमुख डाउडिंग हा अबोल आणि कडक शिस्तीचा माणूस. त्यानेही बीव्हरब्रुकचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

जुलैमध्ये बीव्हरब्रुकने देशातल्या गृहिणींना आवाहन केले की, घरातली ॲल्युमिनिअमची भांडी द्या, त्यांची आपण विमाने करू. आणि काय आश्चर्य, पातेली, तवे, किटल्या, झाकण्या यांचे डोंगर उभे राहिले. ज्या ज्या घरात एक किटली कमी झाली, त्या त्या घराला वर उडणाऱ्या विमानात आपला हिस्सा आहे असे वाटू लागले. जाणकार मात्र मनातून ओशाळले होते. त्या भांड्यांच्या धातूतला फारच थोडा भाग विमानासाठी योग्य होता, आणि दुकानांतून तर नवी कोरी ॲल्युमिनिअमची भांडी अजून विकली जात होती.

सहा पेन्सचा हिशेब

त्याच सुमारास जमैकातल्या ग्लीनर या वृत्तपत्राने विचारणा केली की, एका बॉम्बफेकी विमानाला किती खर्च येतो. बीव्हरब्रुकने उत्तर पाठवले, वीस हजार पौंड. काही दिवसांत तेवढी रक्कम जमैकाहून येऊन पडली. जुना रोखेविक्या यातून काय समजायचे ते समजला. माणूस युद्धाला पैसे देत नाही, वस्तूला देतो. मग लढाऊ विमानाची किंमत ठरली पाच हजार पौंड. खरा खर्च याहून बराच जास्त होता, पण पाच हजार हा आकडा गोल होता आणि एखाद्या गावाच्या आवाक्यातला होता. ज्यांना तोही परवडणार नाही त्यांच्यासाठी विमानाचे सुटे भाग किमतीसह जाहीर झाले. सर्वांत स्वस्त होता रिव्हेट, पत्र्याला पत्रा जोडणारा बारीकसा खिळा. किंमत सहा पेन्स. तेव्हाच्या ठरलेल्या दराने रुपया म्हणजे दीड शिलिंग, त्यामुळे आपल्याकडच्या हिशेबात पाच आणे चार पै.

गावोगाव स्पिटफायर फंड निघाले. पाच हजार पुरे करणाऱ्याला विमानावर आपले नाव रंगवून मिळे. त्या नावांची यादी वाचताना हसू येते आणि घशात काहीतरी अडकते. देशातल्या आणि साम्राज्यातल्या डोरोथी नावाच्या बायकांनी मिळून एक विमान दिले, त्यावर डोरोथी हेच नाव होते. कुत्री पाळणाऱ्यांच्या क्लबने एक दिले. वूलवर्थ या दुकानांत एके काळी सहा पेन्सवर कोणतीच वस्तू नसे, तिथल्या नोकरांनी दिलेल्या विमानावर सहाच्या वर काही नाही अशा अर्थाचा मोडक्या लॅटिनमधला विनोद रंगवला गेला. देश हातचा गेलेली हॉलंडची राणी विल्हेल्मिना हिने तर ४३ विमानांची रक्कम एकदम दिली.

पडलेल्या मेसर्श्मिटचे प्रदर्शन हे या फंडाचे सर्वांत जोरदार आकर्षण होते. ही युक्ती काही बीव्हरब्रुकच्या डोक्यातून प्रथम निघाली नव्हती. पहिल्या महायुद्धात पॅरिसच्या इन्व्हालीदच्या प्रांगणात पकडलेली जर्मन विमाने मांडली जात आणि बर्लिनमध्ये १९१७ साली ब्रिटिश-फ्रेंच विमानांचे प्रदर्शन भरले होते. फार मागे जायचे तर पकडलेल्या तोफा किल्ल्याच्या दारात मांडण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आपल्या कितीतरी शहरांत ठेवले गेले. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आजही शाळांच्या सहली जातात आणि मुले त्यांच्या तोफेला लोंबकळून फोटो काढून घेतात.

पण रणगाडे आले ते युद्ध संपल्यावर. विंडसरच्या रांगेतल्या माणसांच्या डोक्यावर त्या वेळी युद्ध चालू होते. ७ सप्टेंबरपासून लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते. उद्या आपण असू की नाही हे ठाऊक नसलेली ही माणसे सहा पेन्स देऊन एक फेरी मारत होती.

या विमानांचा दुसराही एक उपयोग होता, तो रांगेतल्या लोकांना दिसत नव्हता. २२ नोव्हेंबर १९३९ रोजी एक मेसर्श्मिट वाट चुकून फ्रान्सच्या हद्दीत जसेच्या तसे उतरले होते. ते पुढे ब्रिटनमध्ये आणून प्रत्यक्ष उडवून पाहण्यात आले. वेग फार वाढला की त्याचे सुकाणू दगडासारखे जड होते, हे त्यातून कळले. उलट त्याच्या इंजिनात इंधन थेट दाबाने सोडले जाई, त्यामुळे नाक एकदम खाली करून सूर मारला तरी ते इंजिन धाप टाकत नसे. ब्रिटिश विमानाचे इंजिन अशा वेळी क्षणभर गुदमरे, आणि तेवढ्या क्षणात शत्रू निसटे. जी विमाने अशा अभ्यासाच्या कामाची नव्हती आणि प्रदर्शनाच्याही नव्हती, ती ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे मैदानात ढीग घालून ठेवत आणि वितळवत. पॉल नॅश या चित्रकाराने तो ढीग पाहिला आणि चांदण्यात गोठलेल्या समुद्रासारखे त्याचे चित्र काढले. ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. शत्रूच्या पंखांतून निघालेला धातू पुन्हा ब्रिटिश कारखान्यांत जात होता. गृहिणींच्या भांड्यांनी जे साधले नाही, ते या ढिगाने थोडेफार साधले.

मे १९४१ पर्यंत या फंडांत सुमारे १ कोटी ३० लाख पौंड जमले. आता बँकेतला जुना माणूस म्हणून मला विचाराल, तर या पैशाने एकही विमान जास्त तयार झाले नाही. सरकारला पैशाची वाण नव्हती. कर होते, कर्जरोखे होते. वाण होती ती धातूची, यंत्रांची आणि कुशल हातांची. लोकांनी एक छदामही दिला नसता तरी कारखान्यांतून तितकीच विमाने निघाली असती. नाव रंगवायचे तेवढे राहिले असते. फंडाची रक्कम सरकारी खजिन्याच्या समुद्रात जाऊन मिळाली.

मग हे सारे थोतांड होते काय? तसेही म्हणवत नाही. युद्धात कारखाने माल बनवतात तोफांचा, पण पगार मिळतो माणसांच्या हाती. दुकानात वस्तू कमी आणि खिशात पैसा जास्त, अशी गत होते आणि महागाई भडकते. तो जास्तीचा पैसा खिशातून काढून घेणे, हे त्या काळी अर्थशास्त्र्यांपुढचे मोठे कोडे होते. सहा पेन्सच्या रिव्हेटने विमान जोडले नसेल, पण लोकांच्या खिशातून सहा पेन्स हसतखेळत बाहेर काढले, आणि वर त्यांना आपण हातावर हात धरून बसलो नाही, हे समाधान दिले. बीव्हरब्रुकने लोकांना जे सांगितले ते खरे नव्हते, आणि लोकांनी जे दिले ते वाया गेले नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच खात्यावर मांडावी लागतात.

पाच आणे चार पै

हा हिशेब आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. साम्राज्यातून आलेल्या देणग्यांत हिंदुस्थानचा वाटा मोठा होता. मुंबईचे नाव १३२ क्रमांकाच्या तुकडीला मिळाले, हैदराबादचे १५२ क्रमांकाच्या तुकडीला. त्या तुकडीच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते. निजामाच्या तिजोरीत मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा शेतसाराही होता. आपल्या सहा पेन्सचे विमान कोणते, हे त्याला कोणी विचारले नव्हते. या देशाला युद्धात ओढतानाही कोणी विचारले नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने परस्पर घोषणा केली आणि त्याच्या निषेधार्थ बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारसह काँग्रेसची प्रांतिक सरकारे पायउतार झाली. विंडसरला ते विमान पडले त्यानंतर सतराव्या दिवशी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळच्या पवनारमध्ये विनोबा उभे राहिले आणि या युद्धाला मदत करू नका असे सांगत वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली. त्याबद्दल ते तुरुंगात गेले.

बीव्हरब्रुकला याचे सुखदुःख नव्हते. हिंदुस्थान साम्राज्यातून निघून जाणे त्याला कधीच मानवले नाही. माउंटबॅटनवर त्याने पुढे जन्मभर डूख धरला. त्यामागे १९४२ च्या दिएप हल्ल्यात बळी गेलेले कॅनडाचे जवान हे एक कारण होते आणि हिंदुस्थान सोडून दिला हे दुसरे. त्याच्या कर्तबगारीला दाद देताना आपण हेही लक्षात ठेवायला हवे.

मुलाचा फोन

आता इतका वेळ मागे ठेवलेली गोष्ट सांगतो. बीव्हरब्रुकचा थोरला मुलगा, त्याचेही नाव मॅक्स, लढाऊ वैमानिक होता. १९१० चा जन्म. श्रीमंतांच्या पोरांची तुकडी म्हणून जिची टिंगल होई, त्या ६०१ क्रमांकाच्या तुकडीत तो हरिकेन उडवी. मे १९४० मध्ये फ्रान्सवरच्या लढाईत तो होता. जून-जुलैमध्ये त्या तुकडीचे नेतृत्व त्याच्याकडे होते. शत्रूची विमाने पाडल्याबद्दल जुलैमध्ये त्याला पदकही मिळाले.

मुलगा त्या दिवशीची उड्डाणे संपवून सुखरूप उतरल्याची खबर फोनवर येईपर्यंत मंत्र्याचे चित्त थाऱ्यावर नसे, असे त्याला जवळून पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्याची बायको ग्लॅडिस १९२७ मध्येच वारली होती. संसाराकडे त्याने कधी धड लक्ष दिले नव्हते. बाहेरख्याली म्हणून त्याची ख्याती होती. मुलांशी तो कधी लाडाने, कधी तुसडेपणाने वागे. पण त्या उन्हाळ्यात दिवसभर देशातल्या कारखानदारांना फोनवरून फैलावर घेणारा हा माणूस संध्याकाळी एका फोनची वाट बघत बसे.

हे वाचले तेव्हापासून त्याच्या घाईकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. फायली फेकणे, दुसऱ्यांचे सामान पळवणे, रात्री दोन वाजता माणसांना उठवणे, या सगळ्यात सत्तेची हाव होतीच. पण पुरेशी विमाने नसतील तर जी आहेत तीच पुन्हा पुन्हा वर जातात, आणि त्यांत आपले पोर बसलेले असते, हेही त्याला ठाऊक होते.

आणि मग बागेतल्या त्या पडलेल्या विमानाकडेही निराळ्या नजरेने बघावे लागते. त्या अरुंद बैठकीतही कोणाचा तरी मुलगा बसलेला होता. विंडसरच्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, ससेक्स परगण्यात ईस्ट डीन येथे आणखी एक मेसर्श्मिट उतरले. त्याच्या कुशीवर पांढरा ४ हा आकडा होता. वैमानिक गोळ्यांनी जबर जखमी झाला होता, तो कैदेत गेला. त्याचे विमान समुद्र ओलांडून कॅनडा आणि अमेरिकेत गेले आणि ब्रिटनच्या मदतीसाठी गावोगाव फिरवून दाखवले गेले. बीव्हरब्रुकच्या जन्मभूमीतल्या लोकांनीही त्याला फेरी मारली. जर्मनीत त्या वैमानिकाच्या घरीही कोणी फोनची वाट पाहत असणार. गोळ्यांच्या भोकांत बोट घालून बघणाऱ्या मुलाच्या हे ध्यानात येत नाही, येऊही नये. त्याच्या आईच्या मात्र कधीतरी येत असेल. तिच्या स्वतःच्या घरचे कोणीतरी तेव्हा आघाडीवर होते.

नंतर

बीव्हरब्रुक १ मे १९४१ रोजी ते मंत्रालय सोडून गेला. राजीनाम्याची पत्रे त्याने आधी इतक्या वेळा दिली होती की चर्चिलने ती मनावर घेणे सोडले होते. पुढे तो पुरवठामंत्री झाला, स्टॅलिनला भेटायला मॉस्कोला गेला, १९४२ च्या फेब्रुवारीत सरकारातून बाहेर पडला, १९४३ मध्ये परत आत आला. १९४५ च्या निवडणुकीत चर्चिलचा पराभव झाला, तेव्हा त्याचे बरेचसे खापर याच्याही डोक्यावर फुटले. नंतरची वर्षे वृत्तपत्रे, भांडणे, इतिहासलेखन आणि दानधर्म यांत गेली. न्यू ब्रन्सविकला त्याने विद्यापीठासाठी पैसा दिला, फ्रेडरिक्टन शहरात १९५९ मध्ये कलादालन उघडून दिले. धाकटा मुलगा पीटर १९४७ मध्ये गेला.

थोरला मॅक्स मात्र युद्धातून परत आला. रात्रीच्या अंधारात लढणाऱ्या विमानांची तुकडी त्याने सांभाळली, पुढे नॉर्वेच्या किनाऱ्यावर जहाजांवर हल्ले करणाऱ्या पथकाचा तो प्रमुख झाला. २५ मे १९६४ रोजी बीव्हरब्रुकला पंच्याऐंशी वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त लंडनमध्ये मोठी मेजवानी झाली. कर्करोगाने पोखरलेला म्हातारा तिथे उभा राहून बोलला. ९ जून रोजी सरे परगण्यातल्या आपल्या घरी तो वारला. त्याची रक्षा न्यूकॅसलला नेली आणि तिथल्या चौकात त्याच्या अर्धपुतळ्याच्या चौथऱ्यात ठेवली.

वारसाहक्काने लॉर्ड ही पदवी मॅक्सकडे आली होती. तीनच दिवसांत त्याने ती सोडून दिली. आपल्या हयातीत बीव्हरब्रुक नावाचा उमराव एकच असावा, असे त्याचे म्हणणे होते. ज्या मुलाच्या फोनची वाट बापाने पाहिली, त्याने बापाच्या नावाची जागा रिकामी ठेवली.

ईस्ट डीनचे ते पांढऱ्या चारचे विमान अनेक वर्षांनी कॅनडातून इंग्लंडला परत आले. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथील युद्धसंग्रहालयात ते पडले त्या अवस्थेत, जणू शेतात नुकतेच उतरले आहे असे मांडले आहे. भोवती बघणाऱ्यांची ये-जा असते. फेरी मारून ते पुढे जातात. आता सहा पेन्सची पेटी तिथे नाही. बघता बघता एखादा बाप मुलाला उचलून घेतो, म्हणजे त्याला ती रिकामी बैठक नीट दिसावी.